‘ध’चा ‘मा’ आणि दोन विहिरी

मी कोपरगावचा म्हटलं की पुण्यातला एखादा मित्र हमखास विचारतो, “म्हणजे राघोबादादांचं कोपरगाव?” हो, तेच. सालबाईच्या तहानंतर रघुनाथराव पेशवे गोदावरीकाठी आमच्या गावी येऊन राहिले आणि १७८३ च्या डिसेंबरात इथंच वारले. त्यांची गोष्ट गावातल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना ठार केलं. हुकमात म्हणे ‘धरावे’ होतं, आनंदीबाईंनी त्याचं ‘मारावे’ केलं. ही कथा खरी की रचलेली, यावर वाद आहे. पण ग्रँट डफनं १८२६ साली आपल्या इतिहासात ती नोंदवली आणि ‘ध’चा ‘मा’ करणे हा वाक्प्रचार आपण आजही वापरतो.

कोपरगावची दुसरी गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. ती मी पंचविशी ओलांडल्यावर मोबाइलवर इंग्रजांच्या काळातलं गॅझेटियर चाळताना वाचली. १८०४ चा सुमार. होळकर आणि पेशव्यांच्या लढाईनं मुलूख उजाड झालेला, त्यात मोठा दुष्काळ. खानदेश आणि नगर भागात उपाशी भिल्ल गावं लुटू लागले होते. पेशव्यांचा सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण यानं त्यांच्या मोठ्या जमावाला बोलणी करायला कोपरगावला बोलावलं. ते आले. त्यांना दग्यानं पकडलं आणि दोन विहिरींत टाकलं.

एक माणूस मेला त्याचा वाक्प्रचार झाला. विहिरीत टाकलेल्यांपैकी एकाचंही नाव मला माहीत नाही.

इंग्रजीत हा फरक शब्दांतच भरलेला आहे. साध्या माणसाला ठार केलं तर ‘मर्डर’, राज्यकर्त्याला किंवा पुढाऱ्याला ठार केलं तर ‘असॅसिनेशन’. नारायणरावांसाठी दोन्ही चालतात. अनेक असहाय माणसं एकदम मारली की ‘मॅसॅकर’. जुन्या फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ खाटीकखाना. असॅसिनेशनमध्ये मेलेल्याला नाव असतं, मॅसॅकरमध्ये बहुतेकदा फक्त आकडा, आणि तोही अंदाजे.

आपल्याकडेही असंच आहे. खून, हत्या, कत्तल आणि वध. वध राक्षसाचा होतो. म्हणून ‘गांधीहत्या’ म्हणणारा आणि ‘गांधीवध’ म्हणणारा, दोघं एकाच घटनेबद्दल बोलत असले तरी कोण कुठल्या बाजूला उभा आहे ते एका शब्दात कळतं.

काही शब्द तर इंग्रजांनी आपल्याकडूनच नेले. ‘लूट’, ‘ठग’, ‘डकैती’. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ३१० मध्ये ठग म्हणजे कोण याची व्याख्याच होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्यात ठग नाही, आणि ३१० हा आकडा दरोड्याला मिळाला आहे. पाच किंवा जास्त जणांनी मिळून जबरी चोरी केली की दरोडा. आपल्याकडून गेलेला शब्द कायदा होऊन आपल्याच माणसांवर लागू झाला. उलट ‘गारदी’ हा शब्द युरोपीय ‘गार्ड’वरून आला. म्हणजे राखणदार. नारायणरावांना मारलं ते याच राखणदारांनी.

लिहिणारा कोण, यावरही शब्द ठरतो. पेशव्यांच्या अधिकाऱ्यानं केलेला दगा इंग्रजांनी दगा म्हणूनच लिहिला. त्यात त्यांचं काही जात नव्हतं, उलट पेशवाई किती वाईट होती हे दाखवायला तो उपयोगीच होता. १८५७ मध्ये शेजारच्या सिन्नर तालुक्यातल्या नांदूर शिंगोट्याला भागोजी नाईक या भिल्ल पुढाऱ्यानं बंड केलं. चकमकीत लेफ्टनंट हेन्री हा इंग्रज अधिकारी मेला. भागोजी दोन वर्षं लढत राहिला आणि नोव्हेंबर १८५९ मध्ये मिठसागरजवळ मारला गेला. सरकारच्या लेखी त्याची माणसं म्हणजे दरोडेखोरांची टोळी, आणि तिला मारणं म्हणजे ‘बंदोबस्त’.

मी रोज कोड लिहितो. व्हेरिएबलला चुकीचं नाव दिलं तरी प्रोग्रॅम चालतो, एरर येत नाही. पण सहा महिन्यांनी तो कोड वाचणारा फसतो. इतिहासात तो वाचणारा म्हणजे आपण.

आजच्या बातम्यांत ‘सौम्य लाठीमार’ होतो. डोकं फुटलेल्याला तो किती सौम्य वाटला, हे बातमीत नसतं. आणि ‘एन्काउंटर’. ११ जानेवारी १९८२ रोजी वडाळ्यात पोलिसांनी मन्या सुर्वेला गोळ्या घातल्या, तेव्हापासून हा शब्द मुंबईत घरोघरी गेला. इंग्रजीत त्याचा मूळ अर्थ आमनेसामने येणं. गाठ पडणं. भेट.

कोपरगावला भिल्लांना भेटीलाच बोलावलं होतं.

आता गावाकडे गेलो आणि कुणी पाहुण्याला राघोबादादांची गोष्ट सांगू लागलं, की मी ती पूर्ण ऐकतो. मग दोन विहिरींचीही सांगतो.