मुंबईच्या बसताफ्यातील वैशिष्ट्यपूर्ण गाड्या

मुंबई शहराच्या सार्वजनिक वाहतुकीत वेळोवेळी वापरण्यात आलेल्या आणि रचना, आकारमान वा ऊर्जासाधन यांबाबतीत सर्वसाधारण एकमजली बसहून वेगळ्या असलेल्या गाड्या. दुमजली बस, ट्रॉलीबस, जोडबस व उघड्या माथ्याची बस हे त्यांचे प्रमुख प्रकार होत. शहराची ठेवण, रस्त्यांची रुंदी, इंधनाचा खर्च व लागणारे मनुष्यबळ यांचा सार्वजनिक वाहनाच्या घडणीवर कसा परिणाम होतो, हे या गाड्यांच्या इतिहासावरून दिसून येते.

पार्श्वभूमी : मुंबईतील रस्त्यांवरील सामुदायिक वाहतुकीस ९ मे १८७४ रोजी घोड्यांच्या ट्रामने प्रारंभ झाला. १९०५ साली स्थापन झालेल्या ‘बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी’ने ७ मे १९०७ रोजी विजेवर चालणारी ट्राम सुरू केली. उतारूंची संख्या वाढत गेल्याने १९२० साली दुमजली ट्रामगाड्या आणण्यात आल्या. एकावर एक मजला चढवून गर्दीला वाट करून देण्याची कल्पना मुंबईत अशा रीतीने बसच्याही आधी रुजली होती. याच कंपनीची पहिली बस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर धावली. ट्रामच्या मानाने बस हे प्रथम काहीसे वरच्या वर्गाचे वाहन समजले जाई. पुढे ते सर्व थरांतील लोकांचे झाले.

दुमजली बस : मुंबईत दुमजली बस १९३७ साली आली. मूळ शहर चिंचोळ्या बेटावर दक्षिणोत्तर पसरलेले असल्याने वाहतुकीचा सारा भार मोजक्या रस्त्यांवर पडे. रस्त्याची फारशी जादा जागा न अडविता कितीतरी अधिक आसने उपलब्ध करून देणारी ही गाडी अशा शहरास सोयीची ठरली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी मुंबई महानगरपालिकेने कंपनीचा कारभार ताब्यात घेतला आणि ‘बेस्ट’ हा महापालिकेचा उपक्रम बनला. त्यानंतरच्या काळात दुमजली गाड्यांचा वापर वाढत गेला. प्रारंभी या गाड्यांचे सांगाडे व एंजिने परदेशातून येत. १९६७ साली अशोक लेलँड कंपनीने ‘टायटन’ या दुमजली बसचे उत्पादन भारतात सुरू केल्यावर हे परावलंबन कमी झाले.

जुन्या दुमजली गाड्यांत चालकाची खोली एंजिनाच्या बाजूस, उतारूंच्या कक्षापासून अलग असे. चालकास मागचे काही दिसत नसल्याने गाडी थांबविणे वा सोडणे हे सर्वस्वी घंटेच्या दोरीवर अवलंबून होते. प्रत्येक मजल्यावर एक असे दोन वाहक नेमावे लागत. गाडीचा गुरुत्वमध्य फार वर जाऊन तोल बिघडू नये, म्हणून वरच्या मजल्यावर उभ्याने प्रवास करण्यास मनाई असे. वरच्या मजल्यावरील अगदी पुढची आसने मात्र लहानथोरांना सारखीच हवीशी वाटत. मुंबई पाहावयास आलेल्या पाहुण्यास तेथे बसविणे हा अनेक कुटुंबांतील पाहुणचाराचाच भाग होता.

ट्रॉलीबस : ११ जून १९६२ रोजी गवालिया टँक ते माझगाव गोदी या मार्गावर १२ ट्रॉलीबस सुरू करण्यात आल्या. ट्राममध्ये वीजप्रवाहाच्या परतीचे काम रुळांकडून होते. ट्रॉलीबस रबरी धावांच्या चाकांवर चालत असल्याने तिला डोक्यावरील दोन तारांची व त्यांस टेकणाऱ्या दोन दांड्यांची आवश्यकता असते. ही गाडी धूर सोडत नाही व तिचा आवाजही अल्प असतो. तथापि तारांपासून फार दूर सरकणे तिला शक्य नसल्याने अडथळ्यास वळसा घालण्यास मर्यादा पडतात. मुंबईतील या गाड्या वारंवार नादुरुस्त होऊ लागल्या आणि २४ मार्च १९७१ रोजी ही सेवा बंद झाली. तत्पूर्वी ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदर ते दादर ही शेवटची ट्राम धावून मुंबईतील ट्रामयुगाचीही समाप्ती झाली होती. विजेवरील सार्वजनिक रस्तेवाहतूक अशा तऱ्हेने खंडित झाली.

जोडबस : १९६७ साली उपयोगात आलेल्या या गाडीत चालकाची खोली व एंजिन असलेला ओढगाडा पुढे आणि उतारूंसाठीचा डबा त्यास मागून सांध्याने जोडलेला, अशी रचना होती. सांध्यामुळे लांब गाडीसही वळण घेता येई आणि एंजिनाची उष्णता व आवाज यांपासून उतारू दूर राहत. परंतु गर्दीच्या रस्त्यांवर एवढी लांब गाडी हाताळणे अवघड होते. कालांतराने हा प्रकार ताफ्यातून नाहीसा झाला.

उघड्या माथ्याची बस : दुमजली बसचे छप्पर काढून केलेला हा प्रकार पर्यटकांसाठी होता. ‘नीलांबरी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गाड्यांतून दक्षिण मुंबईतील वास्तूंचे दर्शन घडविले जाई. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये या जुन्या गाड्याही सेवेतून काढण्यात आल्या.

ऱ्हास व जतन : १९९० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी बेस्टकडे सु. ९०० दुमजली बस होत्या. दोन वाहकांचे वेतन व इंधनाचा अधिक वापर यांमुळे त्या खर्चिक ठरू लागल्या. शिवाय उड्डाणपूल, पादचारी पूल व वृक्षांच्या फांद्या यांमुळे त्यांना मोजकेच मार्ग मोकळे राहिले. २००८ नंतर नव्या गाड्यांची खरेदी थांबली आणि १५ सप्टेंबर २०२३ रोजी अंधेरी पूर्वेकडील आगरकर चौक ते सीप्झ या ४१५ क्रमांकाच्या मार्गावर डीझेलवरील शेवटची नियमित दुमजली बस धावली. त्याच वर्षी फेब्रुवारीत विद्युत्‌घटावर चालणारी वातानुकूलित दुमजली बस सेवेत आली होती. ट्रॉलीबसची वीज आणि दुमजली बसची आसनक्षमता या दोहोंचा मेळ तीत घातलेला आढळतो.

निरोपाच्या वेळी बसप्रेमींनी गाडी सजविली आणि निदान दोन गाड्या बेस्टच्या आणिक आगारातील संग्रहालयात जपाव्यात, अशी मागणी केली. ती केवळ भावनेपोटी केलेली नव्हती. सेवेतून काढलेली बस बहुधा भंगारात जाते आणि तिच्याबरोबर तिची बांधणी, दुरुस्तीचे कसब व ती चालविणाऱ्यांच्या कामाची रीत हेही लुप्त होते. आराखडे व छायाचित्रे यांवरून गाडीचा आकार कळतो. दोरी ओढताच चालकाच्या खोलीत वाजणारी घंटा, अरुंद जिना चढणारा वाहक आणि वरच्या खिडकीतून दिसणारा रस्ता यांचा बोध मात्र प्रत्यक्ष गाडी उभी असल्यावाचून होत नाही. राजवाडे व किल्ले यांप्रमाणेच सामान्य माणसाच्या रोजच्या प्रवासाचे साधनही शहराच्या इतिहासाचा पुरावा असते, ही जाणीव या गाड्यांच्या अस्तानंतर अधिक स्पष्ट झाली.