मधूनच तुटणारी गाडी

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत रेल्वेच्या मुरलेल्या ब्रेकमनला अनुभवाचा दाखला दाखवावा लागत नसे, असं म्हणतात. हाताची बोटं मोजली की झालं. एका डब्याच्या तोंडात लांबट लोखंडी कडी लोंबत असायची. इंजिन दुसरा डबा ढकलत आणायचं आणि ब्रेकमन दोघांच्या मधे उभा राहून ती कडी हाताने उचलून समोरच्या खाचेत घालायचा, मग वरून खिळा सोडायचा. हात काढायला क्षणाचा उशीर झाला की बोटं जायची. पाय घसरला तर माणूसच जायचा.

यावरचा टिकलेला तोडगा ईलाय हॅमिल्टन जॅनी याने काढला. तो काही लोहार किंवा इंजिनिअर नव्हता. यादवी युद्धात दक्षिणेकडून लढलेला हा मेजर पुढे व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रिया गावी एका दुकानात कारकुनी करत होता. २९ एप्रिल १८७३ रोजी त्याला ज्या कपलरचं पेटंट मिळालं, तो समजायला आकृती लागत नाही. दोन्ही हातांची बोटं आकड्यासारखी वाकवून एकमेकांत अडकवा आणि ओढून पाहा. जॅनीच्या कपलरमध्ये बोटांच्या जागी बिजागरीवर फिरणारा लोखंडी ठोकळा आहे, त्याला नकल म्हणतात. समोरचा कपलर येऊन आपटला की उघडी नकल आत वळते, मागे एक अडसर आपोआप पडतो आणि पकड बसते. सोडवायचं तर बाजूला उभं राहून दांड्याने अडसर उचलायचा. मधे जायचं कारणच उरत नाही. आपल्याकडच्या एलएचबी डब्यांचा मधला कपलर याच घराण्यातला.

पण नुसत्या युक्तीने काम भागलं नाही. पेटंटांचं पीक आलं होतं आणि ज्या त्या कंपनीचा कपलर वेगळा. डबे बांधणाऱ्यांच्या संघटनेने १८८८ च्या सुमारास जॅनीच्या आकाराला प्रमाण मानलं. अध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी पायउतार होण्याच्या दोन दिवस आधी, २ मार्च १८९३ ला, आपोआप जुळणारे कपलर सक्तीचे करणाऱ्या कायद्यावर सही केली. कंपन्यांनी मुदतवाढ मागत मागत १९०० साल गाठलं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये युटातल्या प्रोमोंटरी इथे जॉन्सन नावाचा ब्रेकमन एका इंजिनाला भोजनाचा डबा जोडायला गेला. इंजिनाला जॅनीचा कपलर होता, डब्याला मिलरचा आकडा. दोन्ही आपोआप जुळणारे, फक्त एकमेकांशी नाही. शेवटी तो कडी आणि खिळा घेऊन मधे शिरला आणि हात गमावून बसला. कंपनीचं म्हणणं, आमच्या दोन्ही वाहनांना आपोआप जुळणारे कपलर आहेत, कायदा पाळलाय. खालच्या कोर्टांना ते पटलंही! १९०४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मात्र जॉन्सनच्या बाजूने कौल दिला. कपलर समोर येईल त्याच्याशी जुळला पाहिजे, नुसता असून उपयोग नाही, असा त्याचा मथितार्थ.

हा निकाल मॉडेल रेल्वेवाल्यांनी वर्कशॉपात टांगून ठेवावा, इतका त्यांच्या कामाचा आहे. कपलरचा भरवसा एकट्या कपलरमध्ये नसतोच, तो जोडीत असतो.

बागेत चालणाऱ्या मोठ्या मॉडेल गाड्यांचा आजचा संसार सुरू झाला तो जर्मनीत. न्यूरेंबर्गच्या लेमान कंपनीने १९६८ मध्ये एलजीबी गाड्या आणल्या. रूळ ४५ मिलिमीटर रुंदीचा आणि प्रमाण १:२२.५, म्हणजे मीटरगेजची नक्कल. कपलर अगदी साधा: एक रुंद कडं आणि त्यात खालून अडकणारा आकडा. दिसायला खेळण्यातला, खऱ्या गाडीशी काडीचंही साम्य नाही. पण अवघ्या ६० सेंटिमीटर त्रिज्येच्या वळणावरही सुटत नाही आणि एलजीबीच्या कुठल्याही डब्याला जुळतो. मला तो कुरूप वाटतो, पण विश्वासाच्या बाबतीत त्याला नावं ठेवायला जागा नाही.

हौशी लोकांना मात्र खऱ्यासारखं दिसणारं हवं होतं. लहान मापाच्या गाड्यांसाठी ओरेगॉनच्या किथ आणि डेल एडवर्ड्स या जुळ्या भावांनी केडी कंपनी काढून जॅनीच्या वळणाचा कपलर केलाच होता. पुढे तो चुंबकाने सुटू लागला. नकलवाला कपलर मोठ्या मापातही आला, आणि तुटलेल्या गाड्यांच्या तक्रारीही आल्या.

कारण बहुतेक वेळा उंचीत सापडतं. खऱ्या अमेरिकन डब्याच्या कपलरचा मध्य रुळाच्या माथ्यापासून जास्तीत जास्त साडेचौतीस आणि कमीत कमी साडेएकतीस इंचांवर हवा. म्हणजे फरकाला तीन इंचांची मुभा. आता हेच ४५ मिलिमीटरच्या रुळावर आणा. या रुळावर १:३२ चे डबे धावतात, १:२९ चेही धावतात (रुळाच्या हिशेबाने पाहिलं तर १:२९ चुकीचंच, पण डबा भारदस्त दिसतो म्हणून खपतं). साडेचौतीस इंचांचे १:२९ मध्ये ३०.२ मिलिमीटर होतात, १:३२ मध्ये २७.४. फरक २.८, आणि तीन इंचांची ती मुभा १:२९ मध्ये उतरते फक्त २.६ मिलिमीटरवर. दोन्ही डबे आपापल्या जागी बिनचूक, तरी जोडी जुळली नाही. प्रोमोंटरीच झालं की हे!

त्यात बाग म्हणजे बाग. पाऊस पडला, खडी खचली, एखादा सांधा तीन मिलिमीटर खाली गेला की पुढच्या डब्याची नकल मागच्या नकलेवरून सरळ वर सरकते. गाडी तुटते. नकला आडव्या ओढीला घट्ट धरतात, पण उभ्या दिशेने त्यांना अडवणारं काही नसतं.

म्हणून दुरुस्तीची सुरुवात कपलर बदलून नव्हे, मोजून करावी. एकच मापपट्टी घेऊन प्रत्येक डबा सपाट रुळावर तपासायचा आणि कमीजास्त असेल तिथे कपलरखाली चकती घालायची किंवा काढायची. मग रूळ समतल करायचा. वळणं मोठी असतील तर कपलर बोगीवरून, म्हणजे चाकांच्या फिरत्या चौकटीवरून, काढून डब्याच्या तळाला लावावा, कारण गाडी मागे ढकलताना बोगीवरचा कपलर बोगीलाच तिरकं करून रुळावरून उतरवतो. वळण लहान असेल तर मात्र तो बोगीवरच बरा. तळाला लावलेला कपलर तिथे शेजारच्या डब्याला बाजूला खेचतो.

एवढं करूनही तुटतच असेल तर उपाय पुन्हा खऱ्या रेल्वेकडेच आहे. अपघातात कपलर एकमेकांवरून निसटून शेजारच्या टँकरच्या तोंडाला भोक पाडत, म्हणून १९७० च्या दशकात अमेरिकेत घातक रसायनांच्या टँकरना वर-खाली ओठ असलेले कपलर सक्तीचे झाले. मॉडेलला खालचा ओठ पुरतो. पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची पातळ पट्टी प्रत्येक कपलरच्या खाली चिकटवली की समोरचा खाली निसटू शकत नाही. एक गैरसोय तेवढी सोसावी लागते: मधलाच डबा आता सरळ वर उचलून काढता येत नाही, आधी दोन्हीकडच्या नकला उघडाव्या लागतात.