अटकळ आणि अनुमान : शर्यतीच्या मोटारीविषयीच्या हंगामपूर्व तर्कांचा इतिहास

१

शर्यतीच्या मोटारीचा इतिहास लिहिताना साधने कोणती मानावीत, हा प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नाही. नियमपत्रे, निकालांची कोष्टके आणि अभियंत्यांच्या आठवणी ही साधने सर्वमान्य होत. यांखेरीज आणखी एक साधन विपुल असूनही उपेक्षित राहिले आहे. ते म्हणजे हंगाम सुरू होण्यापूर्वी नव्या मोटारीच्या रचनेविषयी चाहत्यांनी व वार्ताहरांनी केलेले तर्क. हे तर्क पुष्कळदा चुकतात आणि म्हणून इतिहासकार ते बाजूस सारतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन याच्या उलट आहे. निकाल हाती आल्यावर जे लिहिले जाते त्यात पुढचे ज्ञान मागे झिरपलेले असते. हंगामापूर्वी जे लिहिले गेले त्यात तसे झालेले नसते. यास्तव त्या क्षणी काय दिसत होते व काय दिसत नव्हते, याची ती अस्सल नोंद ठरते.

मराठी व्यवहारात 'अटकळ' आणि 'अनुमान' हे शब्द एकमेकांऐवजी वापरले जातात. न्यायशास्त्रास मात्र हे मान्य नाही. अनुमानास व्याप्ती लागते, म्हणजे हेतू आणि साध्य यांचा नियत संबंध आधी ठाऊक असावा लागतो. धुरावरून अग्नीचे अनुमान होते, कारण त्यांचे साहचर्य आपण पूर्वी वारंवार पाहिलेले असते. मोटारशर्यतीचे नियम स्थिर असतात तेव्हा चाहत्याजवळ अशी काही व्याप्ती असते : गतवर्षी ज्या आकाराने यश दिले, तोच आकार थोड्या फरकाने पुन्हा यश देईल. नियम बदलले की ही व्याप्ती तुटते. तथापि नेमक्या त्याच वर्षी तर्कांना उधाण येते. या विसंगतीतच आपल्या विषयाचे मर्म आहे.

२

पहिले उदाहरण टिरेल संघाच्या 'पी-३४' या मोटारीचे. सप्टेंबर १९७५ मध्ये ती लंडन येथे वार्ताहरांपुढे आणली गेली, तेव्हा तिच्यावरील आच्छादनाखाली पुढील बाजूस कमानी बसविल्या होत्या. त्यामुळे बाह्यरेषेवरून ती चार चाकांचीच भासावी, अशी योजना होती. आच्छादन दूर झाल्यावर पुढे चार आणि मागे दोन अशी सहा चाके दिसली, तेव्हा हा विनोद तर नव्हे, अशी शंका अनेकांना आली. अभिकल्पक डेरेक गार्डनर यांचा विचार मात्र स्पष्ट होता : पुढची चाके दहा इंच व्यासाची केली की ती पुढील आवरणाच्या आडोशास येतील आणि हवेचा विरोध कमी होईल. १९७६ च्या स्वीडिश ग्रां प्रीमध्ये या मोटारींनी पहिले दोन क्रमांक मिळविले. जोडी शेक्टर पहिला आणि पॅट्रिक दपाये दुसरा आला. तथापि तेवढा एकच विजय तिच्या नावावर राहिला. मागची रुंद चाके वाऱ्यात तशीच उघडी होती, आणि पुढच्या लहान टायरांचा विकास इतर टायरांच्या बरोबरीने झाला नाही. १९७७ नंतर ती स्पर्धेतून गेली.

येथे चाहत्यांसमोरचे वैशिष्ट्य इतके ठळक होते की त्याने दृष्टी व्यापून टाकली. त्याच सुमारास जी खरी क्रांती घडत होती तिला बाह्य लक्षण जवळजवळ नव्हते. लोटस संघाच्या 'लोटस ७८' मोटारीत दोन्ही बाजूंच्या पेट्यांचा तळ उलट्या पंखासारखा घडविला होता. त्याखालून जाणाऱ्या हवेचा दाब घटे आणि मोटार जमिनीकडे ओढली जाई. मारिओ आन्द्रेत्ती हा चालक १९७६ चा हंगाम संपण्यापूर्वीच ही मोटार उतरविण्यास उत्सुक होता. संघप्रमुख कॉलिन चॅपमन यांनी ते मानले नाही, कारण हिवाळ्यात प्रतिस्पर्ध्यांना तिची नक्कल करण्यास अवसर मिळाला असता. १९७७ मध्ये तिने पाच शर्यती जिंकल्या आणि १९७८ मध्ये तिच्या पुढील आवृत्तीने, 'लोटस ७९'ने, आन्द्रेत्तीस जगज्जेतेपद दिले. सहा चाके मोजण्यास तज्ज्ञ लागत नव्हता. तळाची वक्रता पाहण्यास मात्र जमिनीवर आडवे पडावे लागले असते.

३

दुसरे उदाहरण २००९ चे. त्या वर्षी पुढचा पंख रुंद झाला, मागचा अरुंद व उंच झाला आणि गुळगुळीत टायर पुन्हा आले. जानेवारीत मोटारी प्रकट होऊ लागताच बहुतेक चर्चा त्यांच्या कुरूपतेवर रंगली. परंतु काही निरीक्षकांचे लक्ष टोयोटा व विल्यम्स या संघांच्या मोटारींच्या मागील तळाकडे गेले. तेथील डिफ्यूझर, म्हणजे तळाखालची हवा बाहेर सोडणारा चढता भाग, दुमजली होता. नियमांनी या भागाची उंची मर्यादित केली होती. वरचा मजला नियमाच्या शब्दांतील फटीतून साधला होता. हंगामापूर्वीच त्याच्या वैधतेविषयी वाद सुरू झाला. हे तर्क आकृती पाहून थांबले नाहीत. नियमाचे वाक्य आणि आकृती शेजारी ठेवून ते केले गेले. म्हणूनच ते टिकले.

ब्रॉन संघाचे मात्र निराळे झाले. होंडा कंपनीने डिसेंबर २००८ मध्ये माघार घेतल्यावर रॉस ब्रॉन यांनी तो संघ घेतला आणि त्याची मोटार मार्च २००९ मध्ये, हंगामास जेमतेम तीन आठवडे असताना, प्रथम धावली. तिच्या अंगावर पुरस्कर्त्यांची नावे जवळजवळ नव्हती. चाचणीतील तिचा वेग पाहून, पुरस्कर्ते आकर्षित करण्यासाठी ती कमी इंधनाने पळविली जात असावी, असा तर्क पुष्कळांनी केला. मेलबर्न येथे तिनेच पहिले दोन क्रमांक पटकावले. १५ एप्रिल रोजी अपील न्यायालयाने दुमजली डिफ्यूझर वैध ठरविला आणि वर्षअखेर दोन्ही अजिंक्यपदे ब्रॉन संघाकडे गेली. आज हे सर्व अटळ वाटते. फेब्रुवारीत ते तसे नव्हते.

४

भाषेच्या अभ्यासकास या तर्कांत आणखी एक गोष्ट आढळते, ती नामकरणाची. २०१० च्या मॅकलॅरन मोटारीवर चालकाच्या पुढे एक छोटे वायुमुख होते. त्यातून येणारी हवा चालक पायाने एक छिद्र झाकून मागच्या पंखाकडे वळवी. पंखावरील प्रवाह विस्कटे, विरोध घटे आणि सरळ मार्गावर वेग वाढे. संघात या युक्तीस 'आरडब्ल्यू ८०' म्हणत. जगाने तिला 'एफ-डक्ट' म्हटले. ते वायुमुख पुरस्कर्त्याच्या नावातील 'एफ' अक्षराजवळ होते, ही या नावाची सर्वत्र सांगितली जाणारी व्युत्पत्ती होय. म्हणजे कार्य ठाऊक नसताना स्थानावरून नाव पडले, आणि कार्य कळल्यावरही तेच राहिले. २०१० च्या अखेरीस ही युक्ती निषिद्ध झाली. पण तिच्या नावात बाहेरून पाहणाऱ्याचे अज्ञान जसेच्या तसे जपले गेले आहे.

५

शेवटचे उदाहरण २०२२ चे. १९८३ पासून सपाट तळाच्या सक्तीमुळे लोपलेले तळाखालचे बोगदे नव्या नियमांनी परत आणले. फेब्रुवारीत रेड बुल संघाने जी मोटार दाखविली ती बहुतांशी रंगविलेली प्रदर्शनीय प्रतिकृतीच होती. तरीही तिचे बारकाईने परीक्षण झाले. मार्चमध्ये बहारीन येथील चाचणीत मर्सिडीज मोटार बाजूच्या पेट्या जवळजवळ नाहीशा करून अवतरली. चर्चेचा सारा ओघ तिकडे वळला : हा आकार एकतर अजिंक्य ठरेल, नाहीतर विनाशक. प्रत्यक्षात मर्सिडीजला वर्षभरात एकच शर्यत जिंकता आली, तर रेड बुलने बावीसपैकी सतरा जिंकल्या. मोटार वेगात वरखाली उसळणे हा या वर्षाचा मोठा प्रश्न होता, आणि त्याचे मूळ पेट्यांत नसून तळात होते. मे २०२३ मध्ये मोनाको येथे सेर्जिओ पेरेझची अपघातग्रस्त मोटार क्रेनने उंच उचलली गेली, तेव्हा रेड बुलचा तळ सर्वांना दिसला. त्याच ठिकाणी मर्सिडीजने आपल्या पेट्यांचा तो बहुचर्चित आकार सोडून दिला.

या उदाहरणांवरून दोन प्रकारचे तर्क वेगळे करता येतात. पहिला आकृतीवरून आकृतीकडे जातो. लक्षवेधक अवयवालाच तो कारण समजतो. न्यायाच्या परिभाषेत हा हेत्वाभास होय. दुसरा व्यवस्थेवरून, म्हणजे नियम आणि हवेचे धर्म यांवरून, न दिसणाऱ्या भागाकडे जातो. सोस्यूर यांनी १८७८ मध्ये कोणत्याही ज्ञात भाषेत न आढळणारे ध्वनी आद्य इंडो-युरोपीय भाषेसाठी केवळ स्वरव्यवस्थेच्या आधारे गृहीत धरले, आणि १९२७ मध्ये कुरिलोविच यांनी त्यांतील काहींचा अवशेष हित्ती भाषेत दाखविला, हे आपल्या विषयातील उदाहरण सर्वपरिचित आहे. २००९ च्या जानेवारीत नियमाचे वाक्य हाती घेऊन डिफ्यूझर पाहणारा निरीक्षक, लहान प्रमाणावर का होईना, त्याच पद्धतीने चालला होता.

तंत्रविद्येच्या इतिहासावर प्रबंध लिहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी म्हणून चुकलेले तर्क वगळू नयेत. ते कोणत्या तारखेचे आहेत, कोणत्या छायाचित्रावर वा कोणत्या नियमवाक्यावर आधारलेले आहेत, एवढे आधी टिपावे. निकाल त्यानंतर पाहावा.