मुक्तद्वार विद्या

ठाण्याहून भिवंडीकडे जातांना कशेळी-काल्हेर मागें पडलें कीं पूर्णा गांव लागतें. पूर्वीं हा टापू भातशेतीचा, आतां गुदामांचा. मुंबईची जकात वांचावी म्हणून व्यापारी आपला माल खाडीपलीकडे ठेवूं लागले. जकात २०१७ सालीं गेली, पण गुदामें वाढतच राहिलीं. तेथें ओझीं उचलणाऱ्या तरुणाला आय.आय.टी.च्या प्राध्यापकाचें व्याख्यान आज खिशांतल्या मोबाइलवर फुकट ऐकतां येतें. ही गोष्ट लहान नव्हे. पण त्याच्या पदरीं त्यांतून विद्या किती पडते, हें पाहूं गेल्यास थोडें मागें जावें लागतें.

राबणाऱ्यानें शिकावें केव्हां, हा प्रश्न महाराष्ट्रांत जुना आहे. १८५५ सालीं जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं शेतकरी-मजुरांसाठीं रात्रशाळा काढली. विद्यार्थ्याच्या सवडीप्रमाणें शाळेनें आपली वेळ बदलली. १ जुलै १९८९ रोजीं नाशिक येथें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालें. राम ताकवले हे पहिले कुलगुरु आणि 'ज्ञानगंगा घरोघरी' हें ब्रीद. शाळा अर्ध्यावर सुटलेल्या प्रौढास पूर्वतयारीचा अभ्यासक्रम पुरा करून पदवीच्या वर्गांत बसतां येई. पुस्तकें मराठींत, घरीं एकट्यानें वाचतां यावींत अशा बेताचीं. शिवाय ठिकठिकाणच्या महाविद्यालयांत अभ्यासकेंद्रें असत, तेथें अडलेलें विचारावयास कोणी माणूस भेटे. आमच्या पेशांतील कित्येकांनीं त्या पदवीस नाक मुरडलें. त्या माणसाचें मोल त्यांस कळलें नाहीं असेंच आम्ही म्हणूं.

नंतरची लाट अमेरिकेंतून आली. २०११ सालीं स्टॅनफर्डच्या दोघां अध्यापकांनीं कृत्रिम बुद्धिमत्तेचा वर्ग सर्वांस खुला केला, तेव्हां सुमारें १,६०,००० नांवें दाखल झालीं; शेवटपर्यंत टिकले सुमारें २३,०००. तरीही, आतां जुनीं विद्यापीठें ओस पडणार, अशी भाकितें झालींच! पुढें पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठानें आपल्या अशा वर्गांची पाहणी २०१३ सालीं केली, तों पांचांत चारांहून अधिक विद्यार्थी आधींच पदवीधर निघाले. ज्यांच्यासाठीं दार उघडलें ते बहुधा बाहेरच होते.

आपल्याकडे एन.पी.टी.ई.एल. २००३ पासून चालू आहे, 'स्वयम्' २०१७ पासून. व्याख्यानें फुकट, परीक्षा व प्रमाणपत्र यांस मात्र शुल्क पडतें. बहुतेक व्याख्यानें इंग्रजींत, तींही अभियांत्रिकीचा पाया पक्का धरून दिलेलीं. मुंबईच्या आय.आय.टी.च्या 'स्पोकन ट्यूटोरियल'चा मार्ग आम्हांस अधिक शहाणपणाचा वाटतो: दहा-दहा मिनिटांचे धडे, मराठींतही, आणि ऐकतां ऐकतां स्वतःच्या हातानें करून पाहावयाचे.

पूर्णा गांवच्या त्या तरुणास दिवसभराच्या श्रमानंतर पहिली शंका येईल, ती तो कोणास विचारील? तालुक्यांतील शाळांच्या खोल्या रात्रीं रिकाम्या असतात. एका खोलींत दिवा, पडद्यावर हे धडे आणि आठवड्यांतून दोन रात्रीं बसणारा एक पगारी शिक्षक, एवढा खर्च नगरपालिका-पंचायतींनीं व गुदामांच्या मालकांनीं वांटून घेतला तर तो त्यांस जड जाऊं नये.