आठ दिवसांचे माहेर

‘मामाचा गाव’ म्हटले की आपल्या मनात आगगाडी, आमराई आणि विहिरीतले पोहणे उभे राहते. गदिमांच्या बालगीताने तर ही सुट्टी कायमची आगगाडीत बसवली. मात्र लेकीने मुलांना घेऊन आठ दिवस भावाकडे राहायला येण्याच्या चालीकडे इतिहासाचे साधन म्हणून आपण फारसे पाहिलेले नाही. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांपुरता तसा प्रयत्न मी येथे करते आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे, की हे आठ दिवस म्हणजे नुसती मुलांची मौज नव्हती. जमिनीत वाटा नसलेल्या लेकीला माहेराने दरसाल दिलेला तो हिस्सा होता. तो देण्याचे श्रेय मामाला मिळाले, कष्ट मामीचे होते.

शाळा आणि आगगाडी येण्यापूर्वी माहेरपण सणाला बांधलेले होते. नागपंचमी, दिवाळी, गावची जत्रा हे त्याचे ठरलेले दिवस. लेक आपल्या मनाने निघत नसे. माहेराहून मुराळी येई, बहुधा भाऊच. सासरची परवानगी मिळे, मग छकडा जुंपला जाई. मुराळी आलाच नाही, किंवा सासूने त्याला रिकाम्या हाताने परत धाडले, तर ते वर्ष तसेच जाई. हेमा रायरकर आणि गी पॉइत्वाँ यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्रभर जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्यांत बहीण-भावाचा विषय पुन्हा पुन्हा येतो, त्याचे एक कारण या वाट पाहण्यात आहे. ओवीतली बहीण भावाचे कोडकौतुक करते आणि भावजयीला मात्र बोल लावते. पण ओवी गाणारी बाई स्वतःही बहुधा कुणाची तरी भावजय असे, हे विसरून चालणार नाही.

या चालीला पहिला धक्का दिला तो लोहमार्गाने. १८५८ साली खंडाळ्याहून पुण्यापर्यंत आणि १८६० पर्यंत पुढे सोलापूरला गाडी पोचली. १८६३ साली बोरघाटाचा मार्ग पुरा झाला आणि मुंबई थेट जोडली गेली. १८७८ साली दौंड-मनमाड मार्ग सुरू झाल्यावर भीमाकाठचे दौंड जंक्शन झाले. शिरूरच्या, म्हणजे घोडनदीच्या, वाट्याला रेल्वे आली नाही. तिथले पाहुणे पुणे-नगर रस्त्याने येत. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली बस पुणे आणि अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) यांच्या दरम्यान धावली, ती याच रस्त्यावर. म्हणून दौंडकडच्या लोकांच्या आठवणीतली सुट्टी आगगाडीची, तर शिरूरकडची एसटीची.

गाडीइतकाच वाटा शाळेचा. १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने सक्तीच्या शिक्षणाची वाट मोकळी केली. पुढे गावोगाव शाळा झाल्या आणि त्यांच्याबरोबर उन्हाळ्याची सुट्टीही आली. आता मुराळ्याची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. ‘पोरांना सुट्टी लागली’ हे निमित्त सासूलाही सहसा मोडता येत नसे. मुलांची सुट्टी ही आईची रजा ठरली. माहेरपण सणावरून उन्हाळ्यावर सरकले, ते असे.

याच लोहमार्गावर दौंड तालुक्यात केडगाव आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून निराधार मुली आणि बालविधवा आणल्या आणि केडगावच्या शेतावर त्यांची सोय केली. तिथेच मुक्ती सदन उभे राहिले. ज्या बाईला परत जायला माहेर नाही तिचे काय होते, याचे उत्तर त्या सदनात होते. माहेरचे आठ दिवस ही त्या काळी केवढी मोठी शाश्वती होती, हे त्यावरून कळते.

पाहुणचाराचा हा नवा मोसम यजमान घराला मात्र अवघड होता. हा सगळा मुलूख पर्जन्यछायेतला. शाळू काढून झालेला असे, त्यामुळे वैशाखात कणगी भरलेली, पण विहिरीने तळ गाठलेला. शिरूर तालुक्यातल्या आमच्या घरी तीन आत्या आणि त्यांची मिळून नऊ मुले येत. आई सांगते, त्या दिवसांत ती पहाटे चारला उठून पाणी शेंदायला जाई, कारण उजाडल्यावर विहिरीवर रांग लागे आणि पाणी गढूळ होई. डेअरीला जाणारे दूध आठ दिवस घरातच राही, आणि पुढच्या पगारात तेवढा खड्डा पडे. रात्री अंगणात वाकळा अंथरल्या जात. त्या पुरल्या नाहीत तर शेजारून आणल्या जात, आणि शेजारणीकडे पाहुणे आले की आमच्या तिकडे जात.

आत्याही बसून राहत नसत. कुरडया, शेवया, पापड यांचे दिवस तेच. नणंदा-भावजया मिळून वाळवण घालत आणि जाताना प्रत्येकीच्या पिशवीत तिचा वाटा पडे. बोळवणीला साडी-चोळी, मुलांना कापड, ओटीत खण-नारळ, वर शेंगदाणे आणि डाळ. हे सगळे आटोपल्यावर आईची स्वतःच्या माहेरी जायची पाळी. तोवर मृग जवळ आलेला असे आणि पेरणीची घाई सुरू झालेली असे. तिच्या वाट्याला चार दिवस येत, कधी दोनच. मामाच्या गावाचा हिशेब मांडताना मामीचे हे कमी पडलेले दिवस धरले पाहिजेत. १९७२ च्या दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यात आत्या आल्या नाहीत. दोघी आपापल्या गावी खडी फोडायला जात होत्या. मुलांना सुकडी मिळत होती.

अशा खर्चावर ठपका ठेवण्याची रीत जुनी आहे. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावात सावकाराविरुद्ध असंतोष पेटला आणि मे १८७५ मध्ये सुपे येथे दंगल झाली. शेतकरी लग्ने आणि सणवार यांत पैसा उधळतो म्हणून कर्जात बुडतो, असे तेव्हाही म्हटले जात होते. मात्र सरकारने नेमलेल्या दख्खन दंगे आयोगाने चौकशीअंती नोंदवले, की या खर्चाला अवाजवी महत्त्व दिले गेले आहे. शेतसारा, व्याज आणि बेभरवशाचा पाऊस यांच्यापुढे लेकीच्या बोळवणीची रक्कम किरकोळ होती.

आता जमिनीकडे वळू. मिताक्षरा पद्धतीत वडिलोपार्जित मिळकतीवर जन्माने हक्क मुलाचा, मुलीचा नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बापाच्या हिश्श्यात मुलीला वारस केले. सहदायिकीत मात्र ती बाहेरच राहिली. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना सहदायिक केले, पण त्याआधी लग्न झालेल्या त्यातून वगळल्या गेल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्रीय दुरुस्तीने हा भेद मिटवला. व्यवहारात बहिणी हक्कसोडपत्रावर सही करत. पुष्कळ जुन्या सातबारा उताऱ्यांवर त्यांची नावे ‘इतर हक्क’ या रकान्यात आढळतात. सही का केली, असे मी आत्यांना विचारले, तेव्हा थोरली म्हणाली, “जमीन घेतली असती तर उन्हाळ्यात कुणाच्या दारात गेले असते?” माझ्या मते या एका वाक्यात आठ दिवसांच्या माहेराचे अर्थकारण आले. एकीकडे कायमचा हिस्सा, दुसरीकडे दरसालचे आठ दिवस. बहिणींनी दुसरे निवडले, कारण पहिले मागितले तर दुसरे जाण्याची भीती होती.

जमिनीला भाव नव्हता तोवर हा सौदा निभावला. चासकमानचे पाणी शिरूरला आणि खडकवासल्याचे दौंडला कालव्यांनी आले, ऊस वाढला. रांजणगाव आणि कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती झाल्या आणि रस्त्याकडेच्या जमिनीचे मोल पालटले. आता आठ दिवसांचा पाहुणचार आणि जमिनीचा हिस्सा यांची तुलना कुणीही भाबडेपणाने करत नाही. काही घरांत बहिणींनी वाटा मागितला आणि जाणे-येणे तुटले. काही घरांत भावांनी आपण होऊन वाटा दिला, आणि मुले आजही सुट्टीत येतात. दोन्ही प्रकार मी पाहिले आहेत.

‘पूर्वीसारखे मामाचे गाव राहिले नाही’ अशी हळहळ दरवर्षी ऐकू येते. शिक्षण, शिकवण्या, मोबाइल अशी कारणे दिली जातात, आणि तीही खरीच आहेत. पण जुन्या सुट्टीचा गोडवा बहिणीच्या सहीवर आणि भावजयीच्या पहाटेवर उभा होता, हे त्या हळहळीत कुठे येत नाही. हिस्सा मिळाल्यावरही बहीण पोरांना घेऊन आठ दिवस येऊ शकते आणि तिला वाढणारी एकटी भावजयच असावी लागत नाही. असे घडते आहे त्या घरांची नोंद कुणीतरी आजच करून ठेवायला हवी.