पूर्व-ऑक्सिडीभवन, जलशुद्धीकरणातील

पाणी गाळणपटलातून (मेम्ब्रेनमधून) नेण्यापूर्वी त्यावर ऑक्सिडीकारकाची प्रक्रिया करून पटल तुंबणे कमी करण्याची पद्धत. ओझोन, क्लोरीन व पोटॅशियम परमँगनेट ही यासाठी वापरली जाणारी प्रमुख द्रव्ये होत.

अतिगाळण पटलांची छिद्रे साधारणपणे ०.०१ ते ०.१ मायक्रोमीटर असतात. नदी-जलाशयांच्या पाण्यातील ह्यूमिक द्रव्ये, शैवलांतून स्रवणारी बहुशर्करा व प्रथिने आणि मातीचे कलिल कण त्यांत अडकतात किंवा पृष्ठभागावर थर धरतात. परिणामी तेवढेच पाणी मिळवण्यास जास्त दाब लागतो आणि पटले रसायनांनी वारंवार धुवावी लागतात.

ओझोन ह्यूमिक द्रव्यांतील दुहेरी बंध व ॲरोमॅटिक वलये तोडतो. त्यामुळे रेणू लहान व अधिक जलस्नेही होऊन पटलाला कमी चिकटतात. परमँगनेटमुळे विरघळलेले लोह व मँगॅनीज अविद्राव्य होतात. या विक्रियेत तयार होणारे मँगॅनीज डायऑक्साइडचे कण कार्बनी द्रव्ये अधिशोषून घेतात आणि पुढील किलाटनास मदत करतात.

मात्रा नेमकी असणे महत्त्वाचे असते. ती जास्त झाल्यास शैवलपेशी फुटून आतील द्रव्ये व विषे पाण्यात मिसळतात आणि पटल उलट लवकर तुंबते. ओझोनमुळे ब्रोमाइडयुक्त पाण्यात ब्रोमेट तयार होते. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी त्याचे मार्गदर्शक मूल्य लिटरमागे १० मायक्रोग्रॅम ठरवले आहे. क्लोरीनमुळे ट्रायहॅलोमिथेने निर्माण होतात. सिरॅमिक पटले ओझोन सहन करतात; मात्र व्यस्त परासरणाच्या पॉलिअमाइड पटलांना क्लोरीन अपायकारक असल्याने शिल्लक क्लोरीन सोडियम बायसल्फाइटने आधी काढून टाकतात.