भाकणूक (सोलापूर)

सोलापूरचे ग्रामदैवत श्रीसिद्धेश्वर यांच्या मकर संक्रांतीच्या यात्रेत, म्हणजे गड्ड्याच्या वेळी, वासराच्या वागण्यावरून येत्या वर्षाचा पाऊस, बाजारभाव आणि संकटे वर्तवण्याचा विधी. होम मैदानावरील होमविधीनंतर रात्री तो होतो. दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढे धान्य, गूळ, खोबरे, गाजर, बोरे यांसारखे पदार्थ मांडतात. ज्याला ते तोंड लावील ते महागणार. कशालाच लावले नाही तर भाव स्थिर. वासरू मुतले तर पाऊस चांगला, उजेडाला बिथरले तर आपत्ती. दुसऱ्या दिवशी हे भाकीत वर्तमानपत्रांत छापून येते.

सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेत येतो. वर्षाचा सरासरी पाऊस जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर, तोही बेभरवशाचा. १९७२चा दुष्काळ इथल्या घराघरांत अजून सांगितला जातो. पेरणीसाठी कर्ज काढणाऱ्याला जानेवारीतच पावसाचा शब्द हवासा वाटतो, यात हसण्यासारखे काही नाही. ती गरज खरी आहे. वासरू ती भागवू शकत नाही. उपाशी जनावर गर्दीत, गोंगाटात भेदरले की शेण-मूत टाकते, हे कोणताही गुराखी सांगेल. त्याचा संबंध त्या रात्रीच्या गर्दीशी आहे, जूनमध्ये अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांशी नाही. शिवाय ‘पाऊस चांगला’ म्हणजे किती, कधी, कुठल्या तालुक्यात? बार्शीत पडलेला पाऊस सांगोल्यात पडेलच असे नाही. भाकीत इतके सैल असले की वर्ष कसेही गेले तरी ते खरे ठरवता येते.

वेधशाळेचे अंदाजही चुकतात, असा आक्षेप इथे हमखास येतो. तो बरोबर आहे, आणि खरा फरक तिथेच दिसतो. १८७५मध्ये स्थापन झालेल्या भारतीय हवामान खात्याने १८८६पासून हंगामी अंदाज द्यायला सुरुवात केली. त्या वेळी खात्याचे प्रमुख असलेल्या ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फाचा आधार घेतला होता. २००२मध्ये खात्याने देशात सरासरीच्या १०१ टक्के पाऊस सांगितला, पडला ८१ टक्के. ही चूक आकड्यांत उघड झाली, म्हणून जुने सोळा घटकांचे प्रारूप बाजूला ठेवून २००३मध्ये नवे आणले गेले. २०१५मध्ये जूनच्या सुरुवातीला ८८ टक्क्यांचा अंदाज होता, पाऊस झाला ८६ टक्के. हे अंदाज किती चुकू शकतात हेही सोबत सांगितले जाते. भाकणुकीत मात्र भाकीत फसले म्हणून रीत बदलायची सोयच नाही.

बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळची अक्षय्य तृतीयेची घटमांडणी ही भाकिताची रीत याच जातीची. तिला अंधश्रद्धा निर्मूलन समितीने वेळोवेळी विरोध केला आहे. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर आलेला जादूटोणाविरोधी कायदा अघोरी आणि लुबाडणाऱ्या प्रथांपुरता आहे. भाकणूक त्याच्या अनुसूचीत नाही, आणि ते योग्यच आहे. इथे पोलिसांचे काम नाही, पारख करणाऱ्यांचे आहे.

सोलापुरात पारख करणाऱ्यांची आणि पाण्यासाठी झटणाऱ्यांची उणीव कधीच नव्हती. ज्यांच्या नावाने यात्रा भरते त्या बाराव्या शतकातील शिवशरण सिद्धरामेश्वरांनी तर लोकांना सोबत घेऊन तलाव खोदला. पुढे १९३३मध्ये सोलापुरात कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले. रब्बी ज्वारीची मालदांडी ३५-१ ही जात जिल्ह्यातल्याच मोहोळच्या केंद्रातली. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने २०१८-१९मध्ये सोलापूरच्या आकाशात २७६ ढगांचा अभ्यास केला. पाऊस वाढावा म्हणून काही ढगांत विमानाने बीजारोपण केले, काही मुद्दाम तसेच सोडले आणि दोन्हींची तुलना करून पावसात सुमारे १८ टक्के वाढ झाल्याचा निष्कर्ष काढला. भाकणुकीचीही अशीच तपासणी करता येईल: जानेवारीत छापलेले भाकीत जपून ठेवायचे आणि पावसाळा सरल्यावर त्याच वर्तमानपत्रात, त्याच पानावर, तालुक्यांच्या पर्जन्यमापकांच्या आकड्यांशेजारी पुन्हा छापायचे.